पायाखालचं लाकूड : घरातली लाकडी जमीन निवडताना, बसवताना, सांभाळताना

(सोलापूर येथे झालेल्या सार्वजनिक व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे.)



मागच्या वेळी मी इथं कार्यकारणभावावर बोललो होतो. व्याख्यान संपल्यावर एक गृहस्थ जवळ येऊन म्हणाले, "सर, पुढच्या वेळी जरा पाय जमिनीवर असू द्या." (हशा) म्हणून आज विषयच जमिनीचा घेतला आहे. शेतजमिनीचा नव्हे, घरातल्या जमिनीचा. त्यातही लाकडी जमिनीचा.

मी सुतार नाही, इंजिनिअर नाही. आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं. पण या विषयात मी एकदा चांगलाच आपटलो आहे, आणि आपटलेल्या माणसाला विषय नीट शिकावा लागतो. तुमच्यापैकी अनेकांच्या मुलांनी पुण्यात, हैदराबादला, अमेरिकेत लाकडी जमिनीची घरं घेतली आहेत. सुट्टीत तिथं राहून आलं, की आपल्यालाही वाटतं, आपल्याकडे अशी का नको? त्यांच्यासाठी आजचं बोलणं आहे. माझी पत्नी समोरच बसली आहे. मी काही चुकीचं सांगितलं तर ती हात वर करेल.

हा विषय माझ्याकडे कसा आला

आमचं घर साधं, तळमजल्याचं. बांधलं तेव्हा सगळीकडे शहाबादी फरशी होती. २००४ साली मला हुक्की आली. ज्याच्या त्याच्या घरी चकचकीत व्हिट्रिफाइड टाइल्स दिसायला लागल्या होत्या. मी म्हटलं, आपणही करू. पत्नीनं तेव्हा एकच प्रश्न विचारला होता, "ही पुसायची कुणी?" मी म्हणालो, "ही तर एका फडक्यात स्वच्छ होते." म्हणजे मी उत्तर दिलं, पण प्रश्न ऐकलाच नाही.

सोलापुरात तेव्हा नळाला रोज पाणी येत नव्हतं, हे तुम्हाला सांगायला नको. काही दिवसांनी पाणी यायचं, आणि त्या दिवशी घरात लगीनघाई असायची. पिंप, बादल्या, घागरी, पाइप. अशाच एका पाण्याच्या दिवशी, २०१७ मध्ये, बादली हिंदकळली, त्या आरशासारख्या फरशीवर पाणी सांडलं आणि ती घसरली. खुब्याचं हाड मोडलं. शस्त्रक्रिया झाली, हाड जुळलं. पण मनातली भीती जुळून आली नाही. स्वतःच्या घरात ती भिंत धरून चालायला लागली.

पुढच्या वर्षी आम्ही मुलाकडे न्यू जर्सीला गेलो. त्याच्या घरी ओकच्या लाकडाची जमीन. तिथं ती हळूहळू भिंत सोडून चालायला लागली. मला वाटलं, उपाय सापडला. परत आल्यावर झोपायच्या खोलीत लाकडी जमीन करायचं ठरवलं. इथून माझी चूक क्रमांक दोन सुरू होते.

आपल्याकडे लाकडी जमीन नव्हती का?

होती, पण वर होती. जुन्या वाड्यात राहिलेली मंडळी इथं असतील. तळाला मातीची, शेणानं सारवलेली जमीन, पुढं सोय झाली तशी शहाबादी फरशी. लाकूड माडीला. तुळया, त्यावर कड्या, त्यावर फळ्या. त्यालाच आपण कडीपाट म्हणतो, तक्तपोशी म्हणतो. माडीवर पोरं धावली, की खालच्या ओटीवर धूळ पडायची आणि आजोबा ओरडायचे.

ही वाटणी उगाच नव्हती. तळमजल्याला जमिनीतून ओल वर येते, आणि ओलीच्या मागोमाग वाळवी येते. दगडाला दोन्हीचं काही वाटत नाही. माडीवरच्या फळीला मात्र वरून आणि खालून, दोन्हीकडून हवा लागते. ती दोन्हीकडून सारखी सुकते, सारखी दमट होते. हे वाक्य लक्षात ठेवा. आजच्या सगळ्या बोलण्याची किल्ली त्यात आहे.

शहाबाद आपल्यापासून फार लांब नाही. सोलापूरहून वाडीकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावर, कलबुर्गी जिल्ह्यात. तिथला हा चुनखडीचा दगड थर-थर सुटतो, म्हणून फरशी काढायला सोपा. उन्हाळ्यात थंड, नैसर्गिक पृष्ठ ठेवला तर पायाला पकड देणारा. लिंबू किंवा ॲसिड पडलं की डाग पडतो, एवढंच त्याचं वैर. आमच्या घरात ही फरशी मुळात होतीच. मीच ती टाइल्सखाली गाडली होती.

'हार्डवुड' म्हणजे कठीण लाकूड नव्हे

दुकानात गेलात की 'हार्डवुड फ्लोअरिंग', 'वुडन फ्लोअरिंग' असे शब्द कानावर पडतात. आम्हा तत्त्वज्ञानवाल्यांना शब्द आधी तपासायची खोड असते, आणि इथं ती उपयोगी पडते.

हार्डवुड हा शब्द झाडाच्या प्रकारावरून आला आहे. रुंद पानांच्या झाडांचं लाकूड ते हार्डवुड. पाइन, देवदार अशा सुईसारख्या पानांच्या झाडांचं ते सॉफ्टवुड. कठीणपणाशी त्याचा थेट संबंध नाही. बाल्सा हे खेळण्यातली विमानं करायचं हलकंफूल लाकूड. शास्त्रानुसार तेही हार्डवुड. कठीणपणा मोजायची एक पद्धत आहे, जांका चाचणी. पोलादी गोळी लाकडात अर्ध्यापर्यंत रुतवायला किती जोर लागतो, ते त्यात मोजतात. त्या मापात अमेरिकेतला पांढरा ओक साधारण १३५०, आपला सागवान साधारण १०७०. म्हणजे साग ओकपेक्षा मऊ आहे! मग सागाचं एवढं कौतुक का?

कारण साग हलत कमी. आणि त्याच्या गाभ्यात नैसर्गिक तेलकट द्रव्यं असतात, ती वाळवीला आणि बुरशीला मानवत नाहीत. मात्र हे फक्त गाभ्याच्या सोनेरी-तपकिरी लाकडाबद्दल खरं आहे. सालीलगतचा पांढुरका भाग वाळवी आनंदानं खाते. म्हणून "साग आहे ना?" एवढं विचारून भागत नाही. "गाभ्याचा आहे ना?" असं विचारा आणि फळी उजेडात धरून बघा.

आता 'वुडन फ्लोअरिंग' या एका नावाखाली दुकानात तीन वेगळ्या वस्तू मिळतात.

पहिली, घन लाकूड. आरपार एकच लाकूड, जाडी साधारण १८ ते २० मिलिमीटर. खराब झालं तर वरून तासून पुन्हा नवं करता येतं, आणि तेही अनेकदा.

दुसरी, इंजिनिअर्ड. खाली प्लायसारखे आडवे-उभे थर, वर खऱ्या लाकडाचा पातळ थर. आडव्या-उभ्या थरांमुळे ती कमी हलते. पण वरचा थर किती जाड, हा खरा प्रश्न. ४-६ मिलिमीटर असेल तर दोन-तीनदा तासता येईल. एक-दीडच असेल तर एकदाही नाही.

तिसरी, लॅमिनेट. यात वर लाकूड नसतं, लाकडाचा फोटो असतो! दाबलेल्या भुशाचा गाभा, त्यावर छापील कागद, त्यावर टणक पारदर्शक थर. ओरखडे कमी पडतात, स्वस्त असते. पण सांध्यातून पाणी आत गेलं की गाभा फुगतो, आणि फुगलेला भुसा पुन्हा बसत नाही. लॅमिनेट वाईट आहे असं मी म्हणत नाही. फोटोला फोटो म्हणून विकत घ्यावं, एवढंच.

तेव्हा दुकानात एकच प्रश्न विचारा: "वरचं खरं लाकूड किती मिलिमीटर?" उत्तर देताना दुकानदार अडखळला, तर तुम्हाला उत्तर मिळालं.

लाकूड हलतं, म्हणजे किती हलतं?

लाकूड मेल्यावरही हवेतला दमटपणा घेतं आणि सोडतं. घेतलं की फुगतं, सोडलं की आकसतं. लांबीत जवळजवळ नाही, रुंदीत भरपूर.

सोलापूरची हवा बघा. एप्रिलच्या दुपारी ४०-४२ अंश, हवेतली आर्द्रता वीस-पंचवीस टक्क्यांवर. ऑगस्टमध्ये तीच सत्तर-ऐंशीवर. आपल्याकडे पाऊस कमी, पण पावसाळी हवा दमटच. अशा हवेत उघड्यावर ठेवलेल्या लाकडातलं पाणी उन्हाळ्यात ५-६ टक्क्यांपर्यंत उतरतं आणि पावसाळ्यात १३-१४ पर्यंत चढतं. घरात, पॉलिश केलेल्या लाकडात फरक कमी पडतो. आपण चार टक्के धरू.

आता हिशेब. १०० मिलिमीटर रुंदीची सागाची फळी चार टक्क्यांच्या फरकानं साधारण पाऊण मिलिमीटर फुगते. वाटतं, एवढंच? पण तीन मीटर रुंद खोलीत अशा ३० फळ्या असतात. तीस गुणिले पाऊण, म्हणजे सव्वादोन सेंटिमीटर. ओक असेल तर साधारण दुप्पट. ही वाढ जाणार कुठे? भिंत सरकणार नाही. मग जमीन उचलली जाते.

फळी कशी कापली, यानंही फरक पडतो. ज्या फळीवर डोंगरासारखी नक्षी दिसते ती जास्त फुगते. जिच्यावर सरळ, समांतर रेषा दिसतात ती जवळजवळ निम्मी. नक्षी दिसायला सुंदर असते, सरळ रेषा वागायला चांगली असते. लग्नं ठरवताना आपले वडीलधारे असंच काहीतरी सांगायचे. (हशा)

माझी पहिली जमीन का फसली

आता माझी कथा. १० बाय १२ ची खोली. गाभ्याचा साग, रुंद फळ्या, सुंदर डोंगरी नक्षी. लाखभर रुपये गेले. काम मे महिन्यात केलं, कारण मे महिन्यात मुलगा येणार होता. टाइल्स उखडल्या, त्याखालची शहाबादी तशीच ठेवली, तिच्यावर फळ्या डिंकानं चिकटवल्या. कडेला फट नाही. मीच म्हटलं होतं, "फट दिसायला नको, अगदी भिंतीला भिडवून बसवा." बसवणाऱ्यानंही होकार दिला. जमीन इतकी देखणी झाली, की शेजारीपाजारी बघायला आले.

जुलैत फळ्यांच्या कडा वर यायला लागल्या. प्रत्येक फळी द्रोणासारखी, मध्ये खोल, कडा उंच. ऑगस्टमध्ये एका रात्री दोन वाजता मी पाणी प्यायला उठून बाहेर आलो, मागे दार लोटलं, आणि परत आत जायला गेलो तर दार हलेना. दाराखालची जमीन उचलली गेली होती. आत ती, बाहेर मी.

(समोरून पत्नी : "अडीच वाजले होते.")

अडीच. धन्यवाद. अडीच वाजता शेजारच्या मुलाला उठवून दाराचा खालचा भाग कापावा लागला. तोवर ती आत अंधारात पलंगाला धरून उभी होती. ज्या भीतीवर उपाय म्हणून ही जमीन केली, ती भीती या जमिनीनं दुप्पट केली.

दुसऱ्या दिवशी दोषाची वाटणी सुरू झाली. बसवणारा म्हणाला, लाकूड कच्चं. लाकूडवाला म्हणाला, बसवणारा कच्चा. मी म्हणालो, दोघेही. आपल्या दर्शनांमध्ये याची चांगली चर्चा आहे. उपादान कारण म्हणजे ज्याच्यातून वस्तू घडते ते, इथं लाकूड. निमित्त कारण म्हणजे घडवणारा, इथं बसवणारा. आणि सहकारी कारणं म्हणजे ज्यांच्या साथीशिवाय कार्य होत नाही ती. भांडताना आपण पहिल्या दोन कारणांवर भांडतो आणि तिसरं विसरतो. इथं तिसरं कारण होतं ओल, आणि तिला आत घेणारा मी होतो.

१८१७ साली मुंबईच्या गोदीत सागवानात बांधलेली 'ट्रिंकोमाली' ही युद्धनौका आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूलला पाण्यावर तरंगते आहे. दोनशे वर्षं पाण्यात टिकणारा साग माझ्या खोलीत तीन महिने टिकला नाही, असं कसं? उत्तर असं, की सागाचं पाण्याशी वैर नाही. वैर आहे ते असमान ओलीशी. माझ्या फळ्यांच्या खाली जुनी फरशी, तिच्याखाली पावसानं भिजलेली जमीन. खालचा पृष्ठ ओला, वरचा पृष्ठ पॉलिशनं बंद आणि पंख्याखाली. खालची बाजू फुगली, वरची नाही, म्हणून द्रोण झाला. माडीवरची तक्तपोशी दोन्हीकडून श्वास घेत होती. मी तीच फळी खाली आणली आणि तिचं एक नाक दाबलं.

त्यात मे महिना. सोलापुरात लाकूड सर्वांत कोरडं, म्हणजे सर्वांत आकसलेलं असतं ते तेव्हा. तेव्हा भिडवून बसवलं, की पावसाळ्यात फुगायला जागाच नाही.

आणखी एक चूक करता करता वाचलो. कुणीतरी सुचवलं, वर आलेल्या कडा तासून सपाट करा. तसं केलं असतं तर उन्हाळ्यात खालची ओल सुकून फळी पूर्ववत झाली असती, आणि कडा तासलेल्या असल्यामुळे मध्ये उंचवटा राहिला असता. उलटा द्रोण. तेव्हा द्रोण झालेली जमीन आधी पूर्ण सुकू द्या, मग तासायचं की नाही ते ठरवा.

दुसऱ्यांदा बसवताना

दुसऱ्या वेळी मी घाई केली नाही. आमच्या वडिलोपार्जित वाड्याचं लाकूड भावकीत पडून होतं. वाडा उतरवला तेव्हाच्या सागाच्या कड्या. असं जुनं लाकूड मिळालं तर सोडू नका. ते पुरतं मुरलेलं असतं. फक्त वखारीत चिरायला द्यायच्या आधी लोहचुंबक फिरवून एकेक खिळा काढा, नाहीतर करवतीचं पातं जातं आणि माणसालाही इजा होऊ शकते. आम्ही पाऊणशे खिळे काढले.

क्रम सांगतो. कुणाला लिहून घ्यायचं असेल तर घ्या.

एक, ओल तपासा. एक मीटर बाय एक मीटर जाड प्लॅस्टिक जमिनीवर अंथरून चारी कडा चिकटपट्टीनं बंद करा. एक-दोन दिवसांनी उचला. खाली दव जमलं असेल किंवा जमीन काळवंडली असेल, तर थांबा. ही तपासणी पावसाळ्यात करा, मे महिन्यात केली तर जमीन तुम्हाला खोटं सांगेल. नवं काँक्रीट असेल तर २८ दिवसांनी ते पक्कं होतं, सुकत नाही. सुकायला दर इंचाला महिनाभर धरा.

दोन, वाळवीची फवारणी. बांधून झालेल्या घरासाठीही भारतीय मानक आहे, आय.एस. ६३१३, भाग ३. भिंतीलगत भोकं पाडून औषध सोडतात. अंगावर फवारा मारला आणि झालं, असं नव्हे.

तीन, लाकूड त्याच खोलीत आणून ठेवा, किमान दोन आठवडे. गठ्ठा सोडून, मध्ये पट्ट्या घालून, हवा खेळेल असं. पाहुणा आल्या आल्या त्याला कामाला लावत नाही ना आपण? त्याला घराची हवा लागू द्यावी. शक्य असेल तर ओलावा मोजायचं यंत्र असलेल्या माणसाकडून मोजून घ्या.

चार, महिना निवडा. आपल्याकडे दिवाळीनंतरचा नोव्हेंबर चांगला. हवा फार कोरडी नाही, फार दमट नाही. लाकूड आपल्या हेलकाव्याच्या मध्यावर असतं.

पाच, खाली जाड प्लॅस्टिक, सांध्यावर एकावर एक घेऊन. त्यावर लाकडी रिपा, साधारण फूटभर अंतरानं, आणि रिपांवर फळ्या. चिकटवलेली फळी काँक्रीटइतकीच कडक लागते. रिपांवरची थोडी दबते, आणि म्हाताऱ्या गुडघ्यांना तो फरक कळतो. फळ्या अरुंद घ्या. आम्ही ६५ मिलिमीटरच्या, सरळ रेषांच्या घेतल्या. एका फळीची जीभ दुसरीच्या खाचेत, खिळा जिभेतून तिरका, म्हणजे वरून दिसत नाही.

सहा, चारी भिंतींलगत १२ मिलिमीटर फट सोडा. ती स्कर्टिंगखाली झाकली जाते. पण स्कर्टिंग भिंतीला ठोका, जमिनीला नाही. जमिनीला ठोकलं की फट ठेवून उपयोग शून्य.

सात, उंची. रिपा धरून जमीन दीड-दोन इंच वर येते. म्हणजे दार खालून कापावं लागतं आणि उंबरठ्याशी नवी पायरी तयार होते. तरुणांना ती दिसते, आपल्याला नाही. आम्ही तिथं लाकडाचा हलका उतार केला आणि त्याला मुद्दाम गडद रंग दिला.

निगा

आता पॉलिश. दोन रस्ते आहेत. पॉलियुरेथेन म्हणजे पी.यू.चा थर लाकडावर काचेसारखा बसतो. टिकाऊ असतो, पण ओरखडा पडला तर सहसा सगळी खोलीच पुन्हा करावी लागते. त्यात चकचकीत नको, मॅट घ्या, घसरण कमी. दुसरा रस्ता तेलाचा. जवसाचं तेल, रंगाच्या दुकानात ज्याला बेलतेल म्हणतात ते. ते लाकडात मुरतं, वर थर होत नाही. वर्षाकाठी पुन्हा हात द्यावा लागतो, पण जिथं खराब झालं तेवढंच दुरुस्त करता येतं. आम्ही तेल निवडलं.

तेलाबद्दल एक धोका नीट ऐका. जवसाचं तेल सुकतं म्हणजे उडून जात नाही, ते हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग पावतं, आणि त्यातून उष्णता निघते. तेलाच्या चिंध्यांचा बोळा करून कोपऱ्यात टाकला, तर काडी न लावता तो आपोआप पेटू शकतो. आपल्या उन्हाळ्यात तर विचारूच नका. चिंध्या बाहेर दोरीवर सुट्या वाळत घाला किंवा पाण्यात बुडवून ठेवा.

रोजचं काम साधं आहे. धूळ हीच खरी पॉलिशपेपर. म्हणून चपला बाहेर, दाराशी पायपुसणं, आणि रोज मऊ झाडू. मग कोरडं किंवा घट्ट पिळलेलं फडकं. आपल्या गावात याला तोटा नाही. जुना सोलापुरी टॉवेल यासाठी उत्तम. बादलीभर पाणी ओतून फरशी पुसायची आपली सवय इथं चालत नाही. फिनेल, ॲसिड, बोअरचं जड पाणी, काही नको. पाणी सांडलं की त्या क्षणी टिपायचं. खुर्चीच्या पायांना नमद्याचे तुकडे लावा. पहिले काही महिने सतरंजी एकाच जागी ठेवू नका, कारण उजेडानं सागाचा रंग बदलतो आणि सतरंजीखाली चौकोन उमटतो. उन्हाळ्यात फळ्यांमध्ये केसाएवढ्या फटी दिसतील. त्या लांबीनं बुजवू नका. पावसाळ्यात त्या आपोआप मिटतात. बुजवल्या तर मिटायला जागा राहत नाही.

स्वयंपाकघर, न्हाणीघराची दारं, देवघर, आणि पाण्याची पिंपं ठेवतो ती जागा, इथं लाकूड नकोच. आमच्याकडे फक्त एका खोलीत लाकूड आहे. बाकी घरात टाइल्स काढून खालची शहाबादी पुन्हा वर आणली. खोलीत दोन ठिकाणी धरायला दांडे बसवले आणि रात्री जळणारा छोटा दिवा लावला. खरं सांगायचं तर घसरण टाळण्यात या दांड्यांचा आणि दिव्याचा वाटा लाकडापेक्षा मोठा आहे, आणि खर्च शंभरावा हिस्सा.

प्रश्नोत्तरं

*प्रश्न : फळ्या तुटल्या, बदलल्या, तासल्या, तर ती तुमच्या वाड्याचीच जमीन राहील का?*

हा प्रश्न मी विद्यार्थ्यांना चाळीस वर्षं विचारला. ग्रीकांनी तो थिसिअसच्या जहाजावरून विचारला. आपल्याकडे नागसेनानं राजा मिलिंदाला रथावरून विचारलं होतं, की चाक म्हणजे रथ का, आस म्हणजे रथ का? माझं घरगुती उत्तर असं, की तेलाचा हात कुणीतरी दरवर्षी देत राहिलं, तर ती तीच जमीन. देणारं कुणी उरलं नाही, तर एकही फळी न बदलता ती वेगळी झाली.

*प्रश्न : नवीन फ्लॅट आहे, दोघं नोकरी करतो. लाकडी करावी का?*

वरच्या मजल्यावर असाल तर जमिनीच्या ओलीचा त्रास नाही. इंजिनिअर्ड घ्या, वरचा थर चार मिलिमीटरचा. पण आधी बघा, तुमची फरशी पुसतं कोण. घरी कामाला मावशी येत असतील, तर त्या पाच घरी ओल्या पोछ्यानं पुसतात. तुमच्याकडे वेगळं करायचं तर त्यांना जास्त वेळ लागेल. तेवढे पैसे द्यायची तयारी असेल तर करा. त्या चुकल्या म्हणून ओरडणार असाल तर करू नका.

*प्रश्न (एक ज्येष्ठ भगिनी) : एवढं करण्यापेक्षा आमची शेणानं सारवलेली जमीन काय वाईट होती?*

बाई, पायाला ती छानच होती. पण दर आठ-पंधरा दिवसांनी ती सारवत होतं कोण? माझ्या आईचे गुडघे त्या सारवणात गेले, आणि जमीन किती छान, हे म्हणत होते माझे वडील. २००४ साली मी त्यांच्यासारखाच वागलो. म्हणून आज एवढंच सांगतो: दुकानात जायच्या आधी, घरात जी व्यक्ती वाकून जमीन पुसते तिला विचारा. आणि ती "ही पुसायची कुणी?" असं म्हणाली, तर उत्तर द्यायची घाई करू नका.

आमच्या खोलीला वर्षातून एकदा तेल लागतं. ते मी लावतो. गुडघ्यावर बसून, दोन दिवस. ती पलंगावर बसून कुठं राहिलं ते दाखवते.

(समोरून पत्नी : "खिडकीखाली दरवर्षी राहतं.")

यंदा बघतो.